मतपत्रिकेवरचा पँथर

मराठी विभागात दलित साहित्य शिकवणाऱ्या कोणालाही एक वंशावळ तोंडपाठ असते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव १९६६ साली अमेरिकेतील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून आले. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकाच्या परिचयाचे केले होते. त्यामुळे ते नाव येथे परके वाटले नाही. वर्गात आम्ही हे सांगतो, विद्यार्थी ते लिहून घेतात, आणि परीक्षेत 'प्रभाव' या मथळ्याखाली ते सारे परत येते. 'प्रभाव' हा आमच्या विषयातला मोठा सोयीचा शब्द आहे. दोन नावांमध्ये एक बाण काढला की अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

परंतु ओकलंडच्या आधी काय होते? तो काळा पँथर ओकलंडला तरी कोठून आला? याचे उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, लाउंड्स नावाच्या एका काउंटीत आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यासारखा प्रशासकीय भाग. नागरी हक्कांच्या चळवळीवरील कोणत्याही चांगल्या ग्रंथात हे उत्तर सापडते. त्यात नवे असे काही नाही. आम्हां दोघांना मात्र ते ग्रंथातून नव्हे, तर एका माजी विद्यार्थिनीच्या पत्रांतून सविस्तर कळले. त्या पत्रांनी आमच्या विभागात जो एक प्रश्न आणून ठेवला, त्याविषयी हे लिहीत आहोत.

ही मुलगी नगर जिल्ह्यातल्या (आता तो अहिल्यानगर जिल्हा झाला आहे) एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. आमच्याच महाविद्यालयात तिने मराठी घेऊन बी. ए. केले. पुढे ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ती अमेरिकेत गेली. तिच्या शिक्षणक्रमात एक उन्हाळा कोठल्या तरी मंडळीत राहून सेवाकार्य करावे लागते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिला अलाबामातील सेल्मा आणि माँटगोमेरी या दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्ग क्रमांक ८० लगतची एक छोटी मंडळी मिळाली. कामाचे स्वरूप साधे होते. लहान मुलांची उन्हाळी शाळा चालवायची, दुपारचे जेवण वाढायचे, वृद्धांच्या घरांची किरकोळ डागडुजी करायची. "सर, मॅडम," तिने पहिल्याच पत्रात लिहिले, "मी हातमोजे घेऊन आले, आणि इथे मला पहिला आठवडाभर कोणी कशाला हात लावू देत नाही. नुसते गाडीत बसवून फिरवतात आणि सांगतात, आधी ऐक."

तिला फिरवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. तिकडे वडीलधाऱ्या स्त्रीला नावापुढे 'मिस' लावून हाक मारण्याची रीत आहे. आमची विद्यार्थिनी पत्रांतून त्यांचा उल्लेख 'आजी' असाच करते. आजींचा दंडक असा की, ज्या गावात तुम्ही सेवा करायला आलात, त्या गावाने तुमच्या येण्याआधी स्वतःची सेवा कशी केली, हे आधी समजून घ्यावे. मग भिंतीला रंग लावावा.

आजींनी दाखवलेले लाउंड्स असे होते. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात, ते मुळात तेथील काळ्याभोर मातीमुळे. कापसाची माती, आणि म्हणून गुलामांची माती. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगून पाणी धरून ठेवणारी ही माती आपल्याकडच्या कापूसपट्ट्यातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. १९६५ च्या आरंभी या काउंटीत दर पाच माणसांपैकी चार कृष्णवर्णीय होती आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. एकाचेही नाही. आपल्याकडे १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर शेतमजूर बाईनेही मत टाकले होते; त्यानंतर तेरा वर्षांनी जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकशाहीतली ही अवस्था होती. दंडेलीमुळे या भागाला 'ब्लडी लाउंड्स' असे नावच पडले होते.

आणि तरीही, आजींचे म्हणणे असे की, येथे कोणी स्वस्थ बसले होते असे समजू नका. १८९२ पासून कॅल्हून गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा होती. १९३५ साली कापूस वेचणाऱ्या मजुरांनी येथे संप केला होता आणि तो रक्तपाताने मोडून काढण्यात आला होता. त्याही आधी, १९०६ साली, डब्ल्यू. ई. बी. दु बॉय यांनी या काउंटीतील शेतमजुरांच्या जीवनाची मोठी पाहणी सरकारच्या श्रमखात्यासाठी केली होती. खात्याने ती छापली नाही. पुढे ते हस्तलिखितच नष्ट करण्यात आले. दु बॉय यांनी नंतर १९११ साली कापसाच्या प्रदेशावर कादंबरी लिहिली. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. पाहणी नष्ट झाल्यावर जे उरते, त्याला कधी कधी कादंबरीत आसरा घ्यावा लागतो. याच दु बॉय यांना १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन गेले होते, त्याची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांसाठीही तसेच काही करण्याचा विचार त्यामागे होता. आपण वर्गात जो बाण काढतो, तो नुसता साहित्यिक प्रभावाचा नाही. एका कागदाची प्रत दुसऱ्याने मागावी, इतका तो व्यावहारिक आहे.

या उन्हाळी स्वयंसेविकेला त्या गावात आणखी एक उन्हाळी स्वयंसेवक भेटला. तो साठ वर्षांपूर्वी वारला होता. जोनाथन डॅनियल्स हे त्याचे नाव. न्यू हॅम्पशायर राज्यातील कीन या गावचा, एपिस्कोपल पंथाचा, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे धर्मगुरूपदाचा अभ्यास करणारा. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर निःशस्त्र मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपले. त्यानंतर मार्टिन लूथर किंग यांनी देशभरच्या धर्मसेवकांना हाक दिली. सायंप्रार्थनेत मरियेचे स्तोत्र ऐकताना आपण गेलेच पाहिजे, असे डॅनियल्सला वाटले. बलवंतांना आसनावरून खाली ओढणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचे हे स्तोत्र. आमच्या विद्यार्थिनीने ते लहानपणापासून मराठीत म्हटलेले. "आम्ही ते नाताळात गोड आवाजात म्हणायचो," तिने लिहिले. "त्यात कोणाला तरी खाली उतरायचे आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते."

डॅनियल्स आला, तो चार दिवसांसाठी. परतीची गाडी चुकली आणि तो राहिला. सेल्मात एका कृष्णवर्णीय कुटुंबात राहिला, मुलांना शिकवले, गरिबांना कोणत्या सरकारी कचेरीतून कोणती मदत मिळू शकते याची यादी तयार केली, कृष्णवर्णीय मित्रांना बरोबर घेऊन स्वतःच्या पंथाच्या गोऱ्या चर्चमध्ये जात राहिला. मे महिन्यात परीक्षा देऊन आला आणि जुलैत परतला. १४ ऑगस्टला लाउंड्स काउंटीतील फोर्ट डिपॉझिट येथे गोऱ्यांच्या दुकानांपुढे निदर्शने करताना सुमारे तीस जणांना अटक झाली. कचरा वाहणाऱ्या ट्रकमधून त्यांना हेन्व्हिलच्या तुरुंगात नेले गेले. मतदानहक्काच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

२० ऑगस्टला त्यांना अचानक सोडून देण्यात आले. न्यायला वाहन नाही, उन्हाचा कडाका. चौघे जण थंड पेय घेण्यासाठी जवळच्या दुकानाकडे निघाले. डॅनियल्स, एक कॅथलिक धर्मगुरू रिचर्ड मॉरिसरो, आणि जॉयस बेली व रूबी सेल्स या दोन कृष्णवर्णीय तरुणी. दारात टॉम कोलमन नावाचा, विनावेतन नेमलेला डेप्युटी बंदूक घेऊन उभा होता. त्याने ती सतरा वर्षांच्या रूबी सेल्सवर रोखली. डॅनियल्सने तिला बाजूला ढकलले आणि गोळी त्याला लागली. तो सव्वीस वर्षांचा होता. मॉरिसरो गंभीर जखमी झाले, पण वाचले. सप्टेंबर संपण्यापूर्वी सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने कोलमनला निर्दोष ठरवले.

एपिस्कोपल चर्चने १९९१ पासून डॅनियल्सला आपल्या स्मरणदिनांच्या पंचांगात स्थान दिले आहे. दर ऑगस्टात हेन्व्हिलला यात्रा भरते. तुरुंग, दुकानाची जागा असे करत लोक त्याच न्यायालयाच्या दालनात जातात, जेथे कोलमन सुटला होता, आणि तेथे प्रभुभोजनाचा विधी होतो. आमच्या विद्यार्थिनीला त्या यात्रेचे फार आकर्षण होते. आपल्यासारखाच एक विद्यार्थी, आपल्यासारखाच बाहेरून आलेला, आणि असा मृत्यू. पत्रात ती भरभरून लिहिते. पुढच्या पत्रात मात्र सूर पालटलेला आहे.

आजींनी तिला विचारले होते, "त्याचे नाव तुला येण्याआधीच ठाऊक होते ना? आता मला सांग, त्या ट्रकमध्ये आणखी कोण कोण होते?"

हा प्रश्न डॅनियल्सचे मोठेपण कमी करणारा नाही. आजी स्वतः दरवर्षी यात्रेत चालतात. परंतु बाहेरून आलेल्याचे मरण लवकर दिसते आणि गावातल्या माणसाचे जगणे दिसायला वेळ लागतो, एवढेच त्यांना सांगायचे होते. रूबी सेल्स यांनी स्वतः पुढे ईशज्ञानाचा अभ्यास केला आणि उभे आयुष्य मानवी हक्कांच्या कामात घालवले. त्या खुनानंतर लाउंड्सच्याच रहिवाशांनी न्यायालयात जाऊन ज्यूरीच्या याद्यांना आव्हान दिले. गार्डेनिया व्हाइट या स्थानिक स्त्रीच्या नावाने तो दावा ओळखला जातो, आणि १९६६ साली संघराज्याच्या न्यायालयाने निकाल दिला की, कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना ज्यूरीतून वगळणे घटनाबाह्य आहे. निर्दोष सुटकेचा तो निकाल बदलला नाही. पण तसा निकाल पुन्हा सहजी देता येणार नाही, अशी तजवीज गावाने केली.

आणि याच उद्योगात पँथर जन्माला आला.

१ मार्च १९६५ रोजी, म्हणजे डॅनियल्स येण्याआधीच, सुमारे चाळीस कृष्णवर्णीय माणसे मतदार म्हणून नाव घालण्यासाठी हेन्व्हिलच्या न्यायालयात जाऊन उभी राहिली होती. त्याच महिन्यात यादीत चढलेल्या पहिल्या नावांत जॉन ह्यूलेट यांचे नाव होते. किंग यांचा मोर्चा महामार्गाने लाउंड्समधून गेला आणि पुढे गेला. स्टोकली कारमायकेल आणि विद्यार्थी चळवळीतले त्यांचे सहकारी मात्र मागे थांबले. नाव नोंदवल्याबद्दल जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढले, तेव्हा डिसेंबर १९६५ पासून महामार्गालगत तंबू ठोकून ती कुटुंबे राहिली, सुमारे अडीच वर्षे. त्या जागी २००६ पासून राष्ट्रीय उद्यान विभागाचे संग्रहालय आहे. आजींनी तिला तेथे नेले. आत जाण्याआधी बाहेरच्या गवतात थोडा वेळ उभे केले.

प्रश्न असा होता की, मत द्यायचे कोणाला? अलाबामातील डेमोक्रॅटिक पक्षाचे निवडणूक-चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्यावर गौरवर्णीयांच्या वर्चस्वाचे ब्रीद छापलेले असे. त्या कोंबड्यापुढे खूण करण्यासाठी कोणी घरदार गमावत नाही. म्हणून लोकांनी आपला वेगळा पक्ष काढला, 'लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन'. निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक पक्षाला चिन्ह आवश्यक होते. आधी कबुतर सुचवले गेले. ते कोणाला पटले नाही. मग अटलांटातील क्लार्क कॉलेजच्या क्रीडाचिन्हावरून काळा पँथर घेतला गेला. ह्यूलेट त्याचा अर्थ असा सांगत की, हा प्राणी स्वतःहून कोणाच्या अंगावर जात नाही, पण मागे रेटत रेटत कोपऱ्यात कोंडला, तर मात्र तो बाहेर झेप घेतो.

चिन्हाबरोबर चित्रपुस्तिकाही निघाल्या. शेरीफचे काम काय, करआकारणी कोण करतो, शाळेचे मंडळ कशासाठी असते, हे सारे चित्रकथेच्या रूपाने त्यांत समजावले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी शेरीफ पाहिला तो केवळ मारणारा म्हणून, त्यांना हे पद तुम्हीही भूषवू शकता, असे चित्रांतून सांगायचे होते. ३ मे १९६६ रोजी हेन्व्हिलच्या बॅप्टिस्ट चर्चपाशी सुमारे नऊशे लोकांनी आपले उमेदवार निवडले. नोव्हेंबरात सातही उमेदवार हरले. त्याआधीच, ऑक्टोबरात, ते चिन्ह ओकलंडच्या तरुणांनी घेतले होते आणि तेथून ते जगभर गेले. लाउंड्समध्ये मात्र लोक मतदारयादीतली नावे वाढवत राहिले. १९७० साली जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले.

हे वाचल्यावर आम्हां दोघांत जे बोलणे झाले, ते येथे नोंदवावेसे वाटते. पँथर हा शब्द मराठीत आला, तो प्रतिमा होऊन. संताप, झेप, अंधारात चमकणारे डोळे. ती प्रतिमा खरी आहे आणि त्या पिढीने तिची किंमतही मोजली आहे. परंतु मूळ स्थानी तो प्रतिमा होण्याआधी चिन्ह होता, आणि तोही निवडणुकीच्या कागदावरचा. ज्याला अक्षर येत नाही, त्याला आपले मत ओळखता यावे म्हणून काढलेले चित्र. आपल्याकडे याचे नवल वाटू नये. १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक पक्षाला चिन्ह होते, आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. प्रतिमेचा अर्थ लावावा लागतो. चिन्ह ओळखावे लागते. एका कामाला वाचक लागतो, दुसऱ्याला नागरिक. आमचा सारा व्यवसाय पहिल्या कामाचा. दुसरे काम आधी झालेले असते, म्हणून आम्हांला वर्गात पहिले करता येते.

पत्रांतला पुढचा भाग आमच्या जिल्ह्याकडे वळतो, आणि त्याला कारण घडले न्यू हॅम्पशायर. डॅनियल्सचे कीन गाव नकाशात पाहताना विद्यार्थिनीला शेजारी मार्लबरो दिसले, आणि ते नाव तिच्या ओळखीचे होते. सिंथिया फरार या मार्लबरोच्या. १८२७ साली त्या मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा त्यांनी चालवल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या नगरच्या शाळा पाहिल्या होत्या आणि मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा तेथून घेतल्याचे ते सांगत. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही फरार यांचे नाव जोडले जाते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामगिरी नष्ट केली म्हणून. हे आपण सारे जाणतो. तरी शेजारशेजारच्या दोन गावांतून, सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतराने, एक बाई नगरला आणि एक तरुण हेन्व्हिलला जावा, हे नकाशावर एकत्र पाहताना मन क्षणभर थबकते. विद्यार्थिनीच्या पणजीला अक्षरओळख झाली, ती मिशनच्या शाळेतच.

ती उत्साहाने हे आजींना सांगायला गेली. आजींनी ते कौतुकाने ऐकले, आणि मग विचारले, "आणि तुझ्या गावात? मिशनच्या बाई येण्याआधी, आणि गेल्यानंतर, तुमच्या माणसांनी काय काय केले? पहिला कोण उभा राहिला?"

तिने आम्हांला लिहिले: "सर, मॅडम, मला महाड सांगता आले, काळाराम सांगता आले. पण आमच्या गावातल्या विहिरीवर पहिल्यांदा कोणी पाणी भरले, हे मला माहीत नाही. आईलाही नाही. तुमच्याकडे कोठे लिहिलेले असेल का?"

कोठेही लिहिलेले नाही. गॅझेटियरमध्ये विहिरींची मोजदाद आहे. पहिली घागर कोणाची, ते नाही. आणि लिहिलेले नाही, याचा अर्थ घडलेले नाही, असा होत नाही. आमचा जिल्हा हा केवळ 'ज्ञानोदया'चा, रेव्हरंड टिळकांचा आणि 'स्मृतिचित्रे'तल्या लक्ष्मीबाईंचा जिल्हा नाही. तो खर्ड्याचाही जिल्हा आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. दलित पँथर शिकवताना १९७२ वर बोट ठेवून आम्ही पान उलटतो, तेव्हा वर्गातली काही मुले पान उलटत नाहीत. ती तालुक्याचे नाव मनात घेऊन बसलेली असतात. हेन्व्हिलच्या ज्यूरीची गोष्ट त्यांना परदेशी वाटणार नाही.

म्हणून या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही आजींचाच प्रश्न दिला. आपल्या गावातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा: येथे पहिला कोण उभा राहिला? पाण्यासाठी, शाळेतल्या बसण्याच्या जागेसाठी, वरातीसाठी, मतासाठी, जमिनीच्या तुकड्यासाठी. एक पान लिहा. नाव द्यायचे की नाही, ते सांगणाऱ्याने ठरवावे.

पाने आली. शाळेच्या ओसरीवरून उठून आत जाऊन बसलेल्या एका मुलाची गोष्ट त्याच्या नातवाने लिहून आणली. राखीव जागेवर निवडून आलेल्या एका बाईंनी ग्रामपंचायतीत स्वतःची खुर्ची घरून नेली होती, हे त्यांच्या सुनेने सांगितले. सवर्ण घरांतल्या काही मुलांनी, आमच्या आजोबांनी पाणी भरू दिले नव्हते, एवढेच एक वाक्य लिहिले आणि खाली सही केली. ती पाने आम्हांला विशेष मोलाची वाटतात. काही घरांतून निरोपही आले. जुने कशाला उकरायचे, मुलांना नोकरीचे बघू द्या. एका पालकांचा स्वर धमकीचा होता. त्यांना आम्ही बोलावले, चहा दिला, आणि उपक्रम थांबणार नाही, हे सांगितले.

लाउंड्समध्येही हे संपलेले नाही. ज्या मातीने कापूस दिला, तीच माती सांडपाणी मुरू देत नाही, गटारयोजना नाही, कित्येक घरांचे मैलापाणी अजून अंगणातच साचते. यावर उपाय करण्यासाठी नागरी हक्कांच्या कायद्याखाली २०२३ साली केंद्रीय न्यायखात्याने अलाबामाच्या आरोग्यखात्याशी करार केला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो केंद्रानेच मोडीत काढला. आमची विद्यार्थिनी पोहोचली, तेव्हा गावात त्याचीच चर्चा होती. आजींच्या परसातल्या नळीभोवती तिने मुरूम टाकला. उन्हाळ्यातले तिच्या हाताने झालेले सर्वांत उपयुक्त काम तेवढेच, असे तिचे म्हणणे आहे. आम्हांला ते पटत नाही, परंतु तिच्याशी वाद घातला नाही.

यात्रेच्या दिवशी मंडळीत तिला चार शब्द बोलायला सांगितले होते. तिने डॅनियल्सविषयी बोलायचे ठरवले होते. प्रत्यक्षात तिने, त्या ट्रकमध्ये असलेल्यांची जेवढी नावे तिला आजींकडून आणि इतरांकडून मिळाली होती, तेवढी वाचून दाखवली, आणि शेवटी आपल्या पणजीचे नाव घेतले. तिच्या पत्रात एवढेच आहे. सभा गप्प राहिली की टाळ्या झाल्या, ते तिने लिहिले नाही.

आमच्याकडच्या पानांपैकी एक पान अजून टेबलाच्या खणात आहे. दक्षिणेकडच्या एका गावातून येणाऱ्या मुलीने ते दिले. वर तारीख आहे, गावाचे नाव आहे, प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला आहे. खाली काहीही नाही. आजोबांनी सगळे सांगितले, ती म्हणाली, आणि मग म्हणाले की, लिहू नकोस, आपल्याला इथेच राहायचे आहे. आमच्यापैकी एकाचे मत असे की, त्या पानाला पूर्ण गुण द्यावेत. दुसऱ्याचे मत असे की, गुण दिले म्हणजे ते पान तपासले गेले असे होईल, आणि ते अजून तपासून झालेले नाही. गुणपत्रक पाठवण्याची मुदत पुढच्या आठवड्यात आहे.